मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल : साडेतीन मिलिमीटरचा हिशेब

अमेरिकेत राहू लागल्यावर मी रीतसर परवानगी घेऊन जे पहिले रिव्हॉल्व्हर विकत घेतले, त्याच्या नळीवर ‘.३५७ मॅग्नम’ असे कोरलेले होते, आणि दुकानदाराने त्यासोबत जी काडतुसे पुढे केली, त्यांच्या बुडावर मात्र ‘.३८ स्पेशल’ अशी अक्षरे होती. शस्त्र एका मापाचे आणि काडतूस दुसऱ्या मापाचे, हे पाहून कोणीही जबाबदार माणूस हात मागे घेईल, आणि माझ्या मते त्याने तो घ्यायलाच हवा. कारण शस्त्रावर कोरलेल्या मापाखेरीज दुसरे काडतूस त्यात घालू नये, हाच मूळ नियम आहे. या नियमाला जे मोजके आणि नीट तपासलेले अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत प्रचलित अपवाद म्हणजे ही जोडी होय. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आखूड .३८ स्पेशल सुरक्षितपणे झाडता येते. उलट दिशेने, म्हणजे.३८ स्पेशलच्या शस्त्रात मॅग्नम, कदापि नाही. हे कसे चालते, कुठवर चालते आणि त्यासाठी कोणती काळजी घ्यावी लागते, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन काडतुसांचे नाते

.३८ स्पेशल हे काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आणले. त्याची पितळी पुंगळी १.१५५ इंच, म्हणजे सुमारे २९.३ मिलिमीटर लांब असते. नावात .३८ असले तरी गोळीचा व्यास .३५७ ते .३५८ इंच, म्हणजे जवळपास ९.१ मिलिमीटर आहे. .३८ हा आकडा त्याआधीच्या काळातला आहे; तेव्हा गोळी पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाइतकीच जाड असे आणि तिचे फक्त बूड बारीक करून पुंगळीत बसवत. पुढे गोळी पुंगळीच्या आत गेली, बारीक झाली, आणि नाव मात्र जुनेच राहिले.

१९३५ मध्ये त्याच कंपनीने विंचेस्टरच्या साथीने .३५७ मॅग्नम बाजारात आणले. गोळीचा व्यास तोच, पुंगळीची जाडी तीच, बुडाची कडही तीच. पण पुंगळी १.२९० इंच, म्हणजे ३२.८ मिलिमीटर लांब करण्यात आली. ही साडेतीन मिलिमीटरची वाढ दारू जास्त मावावी म्हणून केली, असे पुष्कळांना वाटते. तसे पाहिले तर .३८ च्या पुंगळीतही दारूला जागा भरपूर असते, कारण ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. लांबी वाढवण्याचे खरे कारण असे होते की हे जबर काडतूस चुकूनही .३८ स्पेशलच्या जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये पुरते आत जाऊ नये. ही लांबी म्हणजे मुद्दाम घातलेली अडसर आहे, आणि या लेखातल्या बहुतेक सूचना त्या अडसरीच्या जागेशीच येऊन थांबतात.

अडसरीची गरज दाबाच्या आकड्यांवरून समजते. अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांसाठी मानके ठरवणाऱ्या ‘सामी’ या संस्थेने .३८ स्पेशलला दर चौरस इंचाला १७,००० पौंडांपर्यंत दाबाची मर्यादा घातली आहे. त्याच काडतुसाच्या ‘प्लस पी’ या जोरकस प्रकाराला २०,००० पौंडांची मर्यादा आहे, तर .३५७ मॅग्नमला थेट ३५,००० पौंडांची. कारखान्यात भरलेली १५८ ग्रेनची, म्हणजे १०.२ ग्रॅमची साधी शिशाची गोळी .३८ स्पेशलमधून सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा २७० जूलच्या आसपास असते. त्याच वजनाची गोळी मॅग्नममधून सुमारे ३७५ मीटर वेगाने आणि ७२५ जूल ऊर्जेने जाते. मॅग्नम पेलणाऱ्या पोलादाला .३८ चा भार म्हणजे निम्मेच काम असते. एकच दिशा सुरक्षित का, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आखूड काडतूस जागेवर टिकते कशामुळे

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधल्या त्याच्या भोकात, नेमके किती आत जाऊन थांबावे, याला पक्की मर्यादा लागते. अन्यथा घोड्याचा टोला प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीवर, बसण्याऐवजी काडतूसच पुढे ढकलले जाईल. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली गोल कड असते, तिला रिम म्हणतात. ही रिम सिलिंडरच्या मागच्या तोंडावर अडकते आणि काडतूस तिथेच थांबते. पुंगळीचे पुढचे टोक कुठे संपते याच्याशी या थांबण्याचा काहीही संबंध नसतो, म्हणून पुंगळी साडेतीन मिलिमीटर आखूड असली तरी घोडा आणि प्रायमर यांतले अंतर बदलत नाही.

पुढे मात्र फरक पडतो. मॅग्नमच्या चेंबरमध्ये पुंगळीसाठी कोरलेली रुंद जागा ३२.८ मिलिमीटरपर्यंत असते आणि त्यापुढे गोळी जाण्यापुरता अरुंद गळा सुरू होतो. .३८ ची पुंगळी त्या गळ्याच्या अलीकडेच संपते. सुटलेल्या गोळीला ही मोकळी जागा ओलांडून गळ्यात शिरावे लागते, त्यामुळे थोडा वेग आणि कधी थोडी अचूकता कमी होते. सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या, सपाट तोंडाच्या १४८ ग्रेनच्या ‘वॅडकटर’ गोळ्या पुंगळीच्या काठाशी समतल बसवलेल्या असतात, त्यांना तर ही उडी आणखीच लांब पडते. तरीही चांगल्या रिव्हॉल्व्हरमधून त्या पंचने पाडल्यासारखी स्वच्छ गोल भोके कागदावर पाडतात, आणि पंचवीस मीटरपर्यंतच्या सरावाला ती अचूकता मला नेहमीच पुरेशी वाटली आहे. याच मोकळ्या पट्ट्यात दारूची काजळी आणि शिसे साचते. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिले आहे, कारण माझ्या अनुभवात खरी चूक तिथेच होते.

पहिली पायरी : शस्त्रावर काय लिहिले आहे ते वाचणे

शस्त्र हातात घेताच नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरावी, बोट चापाबाहेर ठेवावे, सिलिंडर उघडून सगळी चेंबरे रिकामी असल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. काही रिव्हॉल्व्हरना पाच, काहींना सात किंवा आठ चेंबरे असतात, म्हणून ‘सहा मोजली’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्यानंतर नळीच्या बाजूला कोरलेले माप वाचावे. ‘.३५७ मॅग्नम’ असे स्पष्ट कोरलेले असेल तरच पुढे जावे. आकाराने, वजनाने किंवा विक्रेत्याच्या सांगण्यावरून अंदाज बांधू नये, कारण एकसारखी दिसणारी रिव्हॉल्व्हरे दोन्ही मापांत बनलेली आहेत.

शस्त्र जुने असेल, हातोहात फिरलेले असेल किंवा त्याची चेंबरे कोणी पुन्हा कोरलेली असतील, तर शस्त्र-कारागिराकडून ते तपासून घेतल्याखेरीज त्यात काहीही भरू नये. याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांसाठी बनलेली स्मिथ अँड वेसनची अनेक रिव्हॉल्व्हरे मुळात .३८ एस अँड डब्ल्यू या आखूड, जाड पुंगळीच्या काडतुसाची होती. नंतर त्यांतल्या पुष्कळांची चेंबरे लांब करून ती .३८ स्पेशल म्हणून विकली गेली. अशा चेंबरमध्ये .३८ स्पेशलची पुंगळी सैल बसते, फुगते आणि कधी उभी फाटते. दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. १८९२ च्या कोल्ट लष्करी रिव्हॉल्व्हरच्या काही नगांत चेंबरे सरळसोट, गळ्याविना कोरलेली आहेत, आणि त्यांत .३५७ मॅग्नमदेखील पूर्ण आत जाते. वर सांगितलेली अडसर तिथे अस्तित्वातच नसते. काडतूस आत बसले म्हणजे ते चालते, असा अर्थ कधीही काढू नये.

दुसरी पायरी : काडतुसाचे बूड वाचणे

खोक्यावरचे नाव वाचून थांबू नये, प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचावा. चांदमारीच्या ठिकाणी सांडलेली, एकमेकांत मिसळलेली काडतुसे खोक्यात परत टाकण्याची सवय अनेकांना असते, आणि .३८ व .३५७ दुरून पाहिल्यास भावंडे वाटतात. शेजारी उभी केली की लांबीतला फरक दिसतो, पण एकेकटी हातात आल्यावर तो सहज निसटतो. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल आणि .३८ स्पेशल प्लस पी ही दोन्ही चालतात. ‘प्लस पी प्लस’ असा शिक्का असलेल्या काडतुसांना ‘सामी’ने कोणतीही दाबमर्यादा आखून दिलेली नाही, त्यामुळे शस्त्राच्या उत्पादकाने स्पष्ट मान्यता दिल्याशिवाय ती मी वापरत नाही.

घरी भरलेली, म्हणजे कारखान्याबाहेर तयार झालेली काडतुसे दुसऱ्याकडून घेऊ नयेत. त्यातही .३८ च्या आखूड पुंगळीत मॅग्नमच्या मापाची दारू भरणारे लोक असतात. आपल्या मॅग्नममध्ये ते काडतूस कदाचित निभावून जाईल, पण उद्या तेच एखाद्या पाच चेंबरच्या हलक्या .३८ मध्ये शिरले तर हाताचे काय होईल, हा विचार त्यांनी केलेला नसतो.

याच नात्याच्या इतर जोड्या, आणि नात्यातली वाटणारी परकी काडतुसे

हेच तत्त्व आणखी काही घराण्यांना लागू पडते. १९०७ चे .४४ स्पेशल हे १९५५ च्या .४४ मॅग्नममध्ये चालते. तिथेही लांबीतला फरक तीन मिलिमीटरच्या थोडा वर आहे. .४५ कोल्ट हे .४५४ कॅसुलमध्ये चालते, आणि ही दोन्ही .४६० स्मिथ अँड वेसन मॅग्नममध्ये चालतात. .२२ लाँग रायफलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .२२ शॉर्ट चालते. या सगळ्यांत एकच सूत्र आहे : गोळीचा व्यास, पुंगळीची जाडी आणि रिम सारखी, फक्त लांबी कमी, आणि दाब शस्त्राच्या मर्यादेच्या आत.

या सूत्रातली एकही गोष्ट जुळली नाही तर ती जोडी सोडून द्यावी. .३८ एस अँड डब्ल्यू हे नावाने .३८ स्पेशलचा धाकटा भाऊ वाटते, पण त्याची पुंगळी आणि गोळी दोन्ही जाड असतात. .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये .२२ लाँग रायफल आत घसरते, पण मॅग्नमची पुंगळी जाड असल्याने ती तिथे सैल बसते आणि फुटून गरम वायू मागे येण्याचा संभव असतो. ९ मिलिमीटर पॅराबेलमच्या गोळीचा व्यास .३५५ इंच आहे, म्हणजे .३५७ च्या अगदी जवळ. तरी तिची निमुळती पुंगळी बुडाशी जाड आहे आणि ते काडतूस.३५७ च्या चेंबरसाठी नाही. काही रिव्हॉल्व्हरांसोबत ९ मिलिमीटरचे स्वतंत्र सिलिंडर मिळते, आणि सिलिंडर बदलणे ही त्यासाठीची योग्य रीत आहे.

पिस्तुलांना हा हिशेब लागू नाही

स्वयंभरण पिस्तुलांची बहुतेक काडतुसे रिमवर अडकत नाहीत, ती पुंगळीच्या पुढच्या काठावर टेकतात. .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस १० मिलिमीटर ऑटोचे आखूड रूप आहे हे खरे. पण १० मिलिमीटरच्या चेंबरमध्ये त्याचा काठ कुठेच टेकत नाही, आणि पुंगळी मागे खेचणाऱ्या आकड्याच्या आधाराने ते कसेबसे लोंबकळते. गोळी सुटते म्हणून काही लोक ते चालते असे सांगतात. आकडा हे काडतूस अडवण्यासाठी बनवलेले अंग नव्हे, म्हणून मी ते चालत नाही असेच सांगेन. शिवाय पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ठरावीक धक्क्यावर मागे जाते, आणि कमी जोराचे काडतूस तिला पुरते ढकलू शकत नाही. यासाठी वेगळी नळी किंवा वेगळी स्प्रिंग देणारे उत्पादक आहेत. त्यांच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेवढेच करावे.

तिसरी पायरी : चांदमारीच्या मैदानावर

कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय सिलिंडरला हात लावू नये. .३८ चा आवाज मॅग्नमपेक्षा सौम्य असतो, पण उघड्या कानांना तोही इजा करतो. काडतुसे भरताना ती स्वतःच्या वजनाने आत घसरावीत आणि रिम सिलिंडरला टेकावी. अंगठ्याने रेटावे लागले तर तिथेच थांबून कारण शोधावे. पकडताना दुसऱ्या हाताची बोटे सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीपासून दूर ठेवावीत, कारण त्या फटीतून प्रत्येक बारासोबत तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात.

.३८ च्या हलक्या, सरावाच्या काडतुसांबाबत एक गोष्ट कान देऊन शिकायची असते, ती म्हणजे फुसका बार. दारू कमी पडली किंवा मुळात भरलीच गेली नाही तर प्रायमर एकटाच वाजतो, आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही आणि गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते. आवाज वेगळा वाटला की चाप पुन्हा ओढू नये. नळी लक्ष्याच्या दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण उशिरा पेटणारी काडतुसेही असतात. मग सिलिंडर उघडून सर्व काडतुसे काढावीत आणि नळीत मागून पुढे प्रकाश दिसतो का, हे पाहावे. गोळी अडकल्यामुळे सिलिंडरच उघडत नसेल तर जोर न करता मैदानावरच्या अधिकाऱ्याला बोलवावे. अडकलेली गोळी काढण्याचे काम शस्त्र-कारागिराचे आहे. मॅग्नमच्या दणदणाटाला सरावलेल्या माणसाला .३८ चा प्रत्येकच बार सौम्य वाटतो, म्हणून पहिली पाच-सहा काडतुसे सावकाश, एकेक ऐकत झाडावीत, म्हणजे नेहमीचा आवाज कानात बसतो.

रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे करावी आणि इजेक्टरचा दांडा तळहाताने एकदाच, ठामपणे दाबावा. आडव्या रिव्हॉल्व्हरमधून हळूहळू पुंगळ्या काढल्या तर दारूचे न जळलेले कण इजेक्टरच्या चांदणीखाली, म्हणजे पुंगळ्या रिमला धरून उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली, जाऊन बसतात, आणि मग सिलिंडर बंद होताना अडते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा दांडा बुटका असतो आणि मॅग्नमची लांब पुंगळी त्याने पुरती बाहेर पडत नाही; .३८ ची आखूड पुंगळी मात्र सहज सुटून खाली पडते. या जोडीचा हा छोटासा फायदा पुन्हापुन्हा भरण्याचा सराव करणाऱ्यांना चांगलाच जाणवतो.

एकाच दिवशी दोन्ही काडतुसे झाडायची असतील तर आधी मॅग्नम आणि नंतर .३८ हा क्रम ठेवावा. उलट क्रमात .३८ ची ताजी काजळी चेंबरमध्ये असतानाच मॅग्नमची लांब पुंगळी तिच्यावर जाऊन बसते, आणि तेच टाळायचे आहे.

चौथी पायरी : नेम पुन्हा जुळवणे

दोन काडतुसांच्या गोळ्या कागदावर एकाच ठिकाणी पडतील असे गृहीत धरू नये. संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्या वेळात धक्क्याने नळी वर उचलली जाते, म्हणून ती वर लागायला हवी, पण.३८ चा धक्काच कमी असल्याने नळी उचललीही कमी जाते. दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, आणि बेरीज प्रत्येक शस्त्रात व प्रत्येक हातात वेगळी निघते. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून पंधरा मीटरवरून पाच .३८ आणि पाच मॅग्नम वेगवेगळ्या कागदांवर झाडावीत, दोन्ही पुंजक्यांचे मध्य मोजावेत आणि फरक वहीत लिहून ठेवावा. मागची निशाणी हलवता येणारी असेल तर जे काडतूस जास्त वापरले जाते त्यासाठी ती जुळवावी. निशाणी पक्की असेल तर वेगवेगळ्या वजनांच्या.३८ गोळ्या वापरून मॅग्नमच्या जवळ पडणारी कोणती, ते शोधावे. माझ्या रिव्हॉल्व्हरला १५८ ग्रेनची गोळी जुळली. दुसऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला कोणती जुळेल, हे त्याच्या कागदावरच कळेल.

सराव .३८ ने आणि गरजेपुरता मॅग्नम, ही रीत जुनी आहे. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातील बिल जॉर्डन यांच्या आग्रहातून १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसनने मध्यम बांध्याचे ‘कॉम्बॅट मॅग्नम’ काढले, जे पुढे मॉडेल १९ म्हणून ओळखले गेले. कमरेला दिवसभर बाळगता येईल एवढे हलके आणि प्रसंगी मॅग्नम पेलणारे, असे ते शस्त्र होते. नंतर त्यात १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या मोठ्या संख्येने झाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे पोलाद खालून सपाट घासलेले असते, तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. अशा जुन्या मध्यम बांध्याच्या मॅग्नमला .३८ वर ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य वाढवणे आहे.

.३२ चे घराणे, विशेषतः महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

भारतात परवाना असलेल्या नागरिकाकडे .३५७ क्वचितच दिसते. सर्वपरिचित माप आहे ते.३२. कानपूरला बनणारे .३२ रिव्हॉल्व्हर हे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाचे आहे, ज्याला ७.६५ बाय २३ मिलिमीटर असेही म्हणतात, आणि ही काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत आली आहेत. हे काडतूस १८९६ चे असून त्याच्या घराण्यात चार पिढ्या आहेत. सर्वांत आखूड .३२ एस अँड डब्ल्यू, मग लाँग, त्यानंतर १९८४ चे .३२ एच अँड आर मॅग्नम आणि शेवटी २००७ च्या सुमाराचे .३२७ फेडरल मॅग्नम. .३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये आधीची तिन्ही झाडता येतात. लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र फक्त स्वतःचे आणि त्याहून आखूड काडतूस चालते. पुढच्या दोन पिढ्या नाहीत. लाँगची दाबमर्यादा १५,००० पौंड आहे आणि .३२७ ची ४५,०००, म्हणजे तिप्पट.

इथे एक चूक फार सहज घडू शकते. आपल्याकडे .३२ चे पिस्तूलही मिळते आणि त्याचे काडतूस .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ बाय १७ मिलिमीटर आहे. दोघांनाही बोलीत ‘बत्तीस’च म्हणतात. पिस्तुलाच्या या काडतुसाला पुंगळीबाहेर किंचित डोकावणारी अर्धवट रिम असते, त्यामुळे ते .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरते आणि कधी कधी तिथे थांबतेही. ते आखूड आहे, म्हणून .३८ आणि .३५७ चा नियम इथेही लागू होईल असे वाटू शकते. पण त्याची दाबमर्यादा २०,५०० पौंड, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त आहे. आखूड काडतूस म्हणजे सौम्य काडतूस, हे समीकरण या ठिकाणी साफ चुकते. जुन्या, मधून दुमडून उघडणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये तर हा प्रयोग कोणीही करू नये. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसांनाही परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंदवलेल्या मापाची व संख्येचीच काडतुसे बाळगता येतात. एखादे आखूड काडतूस शस्त्रात यांत्रिकदृष्ट्या चालत असले तरी ते परवान्यावर नसेल तर ते जवळ असणेच गुन्हा ठरते.

पाचवी पायरी : काजळीचे कडे

पहिल्या वर्षी मी माझ्या मॅग्नममध्ये जवळजवळ फक्त .३८ झाडली. प्रत्येक वेळी नळीतून चिंधी फिरवायची, बाहेरून तेलाचा हात द्यायचा आणि शस्त्र कपाटात ठेवायचे, हा माझा क्रम होता. एका सकाळी मॅग्नमचे काडतूस घातले, तर ते रिम टेकण्याच्या अलीकडेच थांबले, आणि मी ते अंगठ्याने दाबून बसवले. बार नेहमीपेक्षा कडक वाटला आणि पुंगळी बाहेर निघेना. शेजारच्या जागेवर सराव करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मला थांबवले, सिलिंडर उन्हाकडे धरून चेंबरमध्ये पाहायला लावले, आणि गळ्याच्या अलीकडे काजळीचे काळे कडे तेव्हा मला प्रथम दिसले.

.३८ ची पुंगळी जिथे संपते तिथून गळ्यापर्यंतच्या पट्ट्यात दारूची राख, गोळीवरचे वंगण आणि शिसे थरावर थर चढवत जाते. मॅग्नमची पुंगळी याच पट्ट्यात शिरते. बार होताना पुंगळीचे तोंड किंचित फाकून गोळीला मोकळे करते. भोवती कडक कडे असेल तर त्याला फाकायला जागा राहत नाही, गोळी घट्ट धरली जाते आणि दाब वाढतो. मी अंगठ्याने दाबले ते नेमके हेच.

हे कडे काढायला नळीचा साधा ब्रश कमी पडतो, कारण .३८ च्या नळीचा ब्रश चेंबरच्या व्यासाला सैल असतो. चेंबरसाठी एक माप मोठा, म्हणजे .४० चा, कांस्याच्या तारांचा ब्रश घ्यावा. सिलिंडर उघडून, शक्य असल्यास तो शस्त्रापासून सोडवून, प्रत्येक चेंबरमध्ये काजळी विरघळवणारा द्रव लावावा आणि पंधरा मिनिटे मुरू द्यावा. मग ब्रश मागून पुढे, गोल फिरवत, दहा-बारा वेळा न्यावा, चेंबर कोरड्या चिंधीने पुसावी, आणि चिंधी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. पोलादी तारांचा ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर किंवा पॉलिशचा कागद चेंबरमध्ये कधीही घालू नये; एकदा ओरखडा पडला की पुंगळ्या तिथे कायमच्या अडकू लागतात.

कडे फार जुने असेल तर जुने हात एक युक्ती करतात. मॅग्नमची झाडलेली, प्रायमर काढून टाकलेली रिकामी पुंगळी घेऊन तिचे तोंड अगदी किंचित फाकवायचे आणि ती चेंबरमध्ये फिरवत आत न्यायची. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने चेंबरला इजा न होता कडे खरवडून निघते. या कामाच्या वेळी टेबलावर एकही जिवंत काडतूस असू नये. हातात रबरी मोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात थंड पाण्याने व साबणाने धुतल्याशिवाय खाण्यापिण्याला हात लावू नये, कारण त्या काळ्या गाळात शिसे असते. वापरलेल्या चिंध्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी बांधून टाकाव्यात.

शेवटी चेंबर कोरडी करून, तेलाचा अगदी पुसट हात देऊन तोही पुसून घ्यावा, आणि सिलिंडरची मागची बाजू वर करून प्रत्येक चेंबरमध्ये मॅग्नमची एक स्वच्छ, न फुगलेली रिकामी पुंगळी सोडावी. ती बोटाचा आधार न घेता, स्वतःच्या वजनाने घसरत जाऊन रिम सिलिंडरला टेकली की ती चेंबर झाली; जिथे ती अडेल तिथे ब्रश पुन्हा घ्यावा.